रिकाम्या गोठ्याची मोजणी

६ जानेवारी

धाकटे,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. आता फाडायच्या आधी वाच. पत्ता तुझ्या दाजींनी आणला. कुठून आणला ते सांगत नाहीत. दोन वर्षांत घरात मोजून चार वाक्यं बोलले असतील, त्यातलं एक हे, की ती हॉस्पिटलच्या मागच्या धुलाईघरात आहे. फोन तू बदललास, म्हणून हे लिहिणं. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चौथीत सुटलेलं. लागेल तेवढं वाच.

मी आता बिल्ले मारायचं काम करते. ज्यांचे गोठे त्या साथीत रिकामे केले त्या घरांतल्या बायकांना सरकारनं हे काम दिलं. तुला नाही दिलं, ते माहीत आहे मला. दर पंधरा दिवसांनी गोठ्यागोठ्यात जायचं, जनावरं मोजायची, तोंड आणि खूर बघायचे, नव्या वासराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि बारा आकडी नंबर फोनवर टाकायचा. देशात कुठंही गाय आजारी पडली की त्या नंबरावरून ती कुठं जन्मली, कुठून कुठं गेली ते पाच मिनिटांत कळतं. तीन दिवस बाकावर बसवून हे शिकवलं आम्हाला. लोक मला बिल्लेवाली म्हणतात. खालच्या आळीतला म्हातारा म्हणतो, बाई, आमच्या हिलाही एक मारून जा, सारखी माहेरी पळते. मी म्हटलं, तिला विचारते, ती सांगेल त्या कानाला पक्कड लावते.

तुझा गोठाही माझ्याच यादीत आहे. रिकामा असला तरी आहे. त्याच्यावर लाल खूण आहे, ‘रोगाचा उगम’ म्हणून, सात वर्षं राहायची. ओढा ओलांडायचा, कुलूप काढायचं, दारातून आत बघायचं आणि शून्य टाकायचं. शून्य टाकलं की फोन म्हणतो, धन्यवाद. चाळीसएक वेळा म्हणाला असेल.

परवा मी अकरा टाकले.

मी भुताखेतांची बाई नाही. तूच लहानपणी माझ्या पाठीमागं लपायचीस. भर दुपार होती. पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली पडलेलं. नेहमीसारखं बोट पुढं गेलं, डावीकडून उजवीकडं, एक, दोन, तीन. हाताची सवय. मी मोजत होते आणि मोजायला काहीतरी होतं. दिसलं काही नाही. पण जनावर आत असलं की गोठ्यातल्या हवेला एक वजन असतं, ऊब असते, कोणीतरी रवंथ करतंय तो बारीक आवाज असतो, ते सगळं होतं. शेवटच्या खुंटीवर बोट थांबलं. मी आकडा टाकला, कुलूप लावलं, घरी आले आणि भांडी घासताना माझे हात थांबले.

गेलेला आकडा खोडता येत नाही. दिवस मावळायच्या आत जिल्ह्याच्या कचेरीतून फोन, की बंद केलेल्या लाल गोठ्यात अकरा जनावरं कोणाची? नवी डॉक्टरीण तपासायला येणार आहे. तुझ्याकडं कागदबिगद आला तर घाबरू नकोस. चूक माझी आहे. या वेळची.

ताई


१७ जानेवारी

धाकटे,

उत्तर नाही. मी धरूनही चालले नव्हते.

डॉक्टरीण येऊन गेली. नुसती काडी आहे, खोकला आला तरी मोडेल, पण नजर अशी की आपण आपला पदर सारखा करावा. बरोबर औषधाच्या पाण्याचा ट्रे. तुझ्या दारात ठेवला, बूट बुडवले, मग आत. मलाही बुडवायला लावलं. मी म्हटलं, आत चिटपाखरू नाही, कोणाला लागण व्हायची? ती म्हणाली, मावशी, पाय कुठून आलेत ते पायांना सांगता येत नाही. मग आत जाऊन तिनं जमीन बघितली, गव्हाणीत हात फिरवला, हात हुंगला. विचारलं, अकरा का टाकले. मी म्हटलं, बोट घसरलं. ती म्हणाली, दोनदा एकाच जागी?

मग उलट्या टोपलीवर बसून तिनं फोनवर तुझी जुनी फाईल काढली आणि मला वाचून दाखवली, मी त्या गावचीच नाही अशा थाटात. की लाळ-खुरकूत पहिल्यांदा माझ्या गोठ्यात दिसली. आजारी गाईचा बारा आकडी नंबर अमुक. तो नंबर वीस दिवस आधी ओढ्यापलीकडच्या गोठ्यातून इकडं आला, अशी नोंद. सबब तो गोठा उगम धरून दोन्ही गोठे रिकामे केले. रिकामे केले, असंच लिहितात ते, मारून पुरले असं नाही.

खाली एक ओळ होती. अकरा जनावरांचं रक्त घेतलं, तपासणी बाकी.

मी विचारलं, बाकी म्हणजे? बाकी म्हणजे केलीच नाही, म्हणाली. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत नळ्यांचा ढीग लागला होता, उगम सापडला होता, मग उगमाचं रक्त कोण तपासत बसतो. नळ्या फ्रीझरमध्ये पडून आहेत. आता राजधानीत नवीन मोठी प्रयोगशाळा झाली आहे, देशभरातल्या अशा राहिलेल्या नळ्या ते मागवतात. तुझ्याही ती पाठवणार आहे. मी म्हटलं, मेलेल्या गाईंचं रक्त तपासून काय मिळणार? तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

तिच्या फाईलच्या कागदांत तुझा अर्ज होता, म्हणून लिहायला बसले. दोन कालवडी पाळायची परवानगी मिळावी. वर ‘नामंजूर’ असा जांभळा शिक्का. तुला परत यायचं आहे हे मला शिक्क्याखालून कळावं? आणि त्यात तू लिहिलंस, माझ्यामुळे जे घडलं त्याची मला जाणीव आहे. अर्जात असलं काही लिहायचं नसतं. लाल खूण निघाल्याशिवाय परवानगी मिळत नाही आणि उगम तूच आहेस तोवर खूण निघत नाही. डॉक्टरीण म्हणाली तसं.

तुझे दाजी बरे आहेत. गुडघा दुखतो.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटे,

राजधानीतून निकाल आला. ऐक नीट.

तुझ्या अकराही गाई निरोगी होत्या. आजार येऊन गेला असला तर रक्तात त्याची खूण राहते म्हणे. एकीच्याही रक्तात नव्हती. थारोळीच्या नाही, पोटुशीच्या नाही, त्या लहान वासराच्याही नाही.

डॉक्टरीण हे सांगायला स्वतः आली. मला वाटलं, झालं, आता लाल खूण निघणार. पण नाही निघत. म्हणाली, गोठा निरोगी होता तरी आजारी गाय त्याच गोठ्यातून गेली अशी नोंद आहे. तिथंच ती लागली असेल, बाकीच्या वाचल्या असतील, असंही होऊ शकतं. जोवर नंबर तसं सांगतोय तोवर उगम तोच.

आणि मग दुसरी गोष्ट काढली. टिकलीच्या, म्हणजे त्या आजारी गाईच्या नंबरावर दोन नळ्या आहेत. एक तुझ्या गोठ्यात वर्षभर आधी घेतलेली, दरसालच्या तपासणीतली. दुसरी साथीत माझ्या गोठ्यात घेतलेली. नव्या प्रयोगशाळेत एका नंबराची रक्तं एकमेकांशी ताडून बघतात. ही दोन रक्तं एका गाईची नाहीत.

तिला वाटतंय, नळीवरच्या चिकटपट्ट्या बदलल्या. गर्दीत कारकुनाकडून झालं असेल. मला म्हणाली, मावशी, दुसरं रक्त घेतलं तेव्हा तुम्ही गाईचं तोंड धरलं होतं, तुम्हीच साक्षीदार. ती टिकलीच होती ना?

मी म्हटलं, टिकलीच.

सोमवारी कचेरीत जाऊन तसं सही करून द्यायचं आहे. मग पट्ट्या बदलल्या असं लिहून ती फाईल बंद करेल.

तुझा गोठा झाडून घेतला मी. जाळी फार झाली होती. झाडताना कोणाला तरी ‘सरक’ म्हटलं आणि ती जागा झाडून पुढं गेले.

ताई


७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

टिकली नव्हती ती.

सोमवारच्या आधी तुला लिहायचं, म्हणून आज बसले. मध्ये थांबले तर पुढं लिहिणार नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

टिकली माझी, पण दोन्ही वेळा व्याली तुझ्याकडं, कारण तुझ्या हाताला जनावर शांत राहतं आणि माझा हात कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्या साली वासरू तुझ्याकडं ठेवून तू तिला परत पाठवलंस. निघताना म्हणालीस, ताई, आठ दिवस सुकाच चारा दे, ओला हळूहळू चालू कर, तिचं पोट नाजूक झालंय. मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. कोवळा ओला घास आला होता, पोटभर टाकला पुढं आणि कामाला लागले. परत येते तो पोट नगाऱ्यासारखं. चौथ्या दिवशी सकाळी मेली.

तुला सांगितलं नाही. का, ते विचारशील. तुझी बोलणी ऐकायची नव्हती, एवढंच. तू बोललीही नसतीस. तू नुसतं गप्प बसली असतीस, आणि ते मला त्याहून नको होतं.

तुझ्या दाजींनी मागं खड्डा खणला. बिल्ला मी कानातून कापून ठेवला. जनावर मेल्याची नोंद करायला तेव्हा कचेरीचे तीन हेलपाटे पडायचे. म्हटलं, करू पुढच्या आठवड्यात.

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या जिल्ह्यात साथ आली म्हणून जनावरांची ने-आण बंद केली. आणि त्या बंदीत ढोल्या दलाल ओढ्याच्या कडेनं एक गाय घेऊन आला. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, टिकलीची बहीण शोभावी अशी. कान कोरा. बिल्ला नाही म्हणजे ती कुठून आली ते विचारायचं नाही. मी विचारलं नाही. घरात बिल्ला होता. मागची पिन तापवून तो तिच्या कानात बसवला. तू कधी येशील तेव्हा टिकली म्हणून दाखवायला गाय झाली, असंही डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू.

दहा-बारा दिवसांत तिच्या तोंडाला फेस आला, पाय टेकेना.

साहेब लोक आले. नंबर फोनवर टाकला. तू नियमाची, टिकली पाठवलीस त्याच दिवशी तू ने-आणीची नोंद केली होतीस. दुसऱ्या कोणी केली नसती. साहेबांनी फोन बघून विचारलं, वीस दिवसांपूर्वी ओढ्यापलीकडून आलेली हीच का? मी मान हलवली. तोंडानं एक शब्द नाही बोलले. मला वाटलं, तुझ्याकडं जातील, बघतील की गुरं ठणठणीत आहेत, परत येतील. माझ्या दारातून बोट दुसरीकडं जायला हवं होतं तेवढ्यापुरतं. दुपारी ओढ्यापलीकडं खोदायच्या मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा मी घरात होते. दार लावून घेतलं. मला बाहेर पडायला बंदी होती, ते खरं. पण बंदी नसती तरी मी गेले असते का, ते मला सांगता येत नाही.

त्यांनी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, हो, मीच पाठवली. खरंच बोललीस तू.

यापुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ते काय होतं ते तुला माहीत नाही. महिन्यानं बंदी उठली आणि तू माझ्या पायरीवर येऊन बसलीस. नवरा गेल्यावर त्या गोठ्यावर उभी राहिलेली तू. स्वतःचं काही बोलली नाहीस. म्हणालीस, ताई, माझ्याकडून आलेल्या गाईनं तुझा गोठा बुडवला, मला माफ कर. आणि मी चहा ठेवत होते, मी तोंड न वळवता म्हटलं, जाऊ दे, केलं माफ.

धाकटे, माझ्याकडून आयुष्यात बरंच वाईट झालं असेल. पण दर खेपेला तुझ्या गोठ्याच्या दारात जे माझ्यासमोर उभं राहतं ते गाई मेल्या म्हणून राहत नाही, ते मला आता कळलंय. मी तुला माफ केलं म्हणून राहतं.

सोमवारी काय करू ते तू सांगायला इथं नाहीस. मीच बघते.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

जाऊन आले.

कचेरीतल्या खोलीत तीन टेबलं, एक पंखा, भिंतीवर गाईच्या कानाचं मोठं चित्र. डॉक्टरणीनं कागद तयार ठेवला होता, नळ्यांच्या पट्ट्या बदलल्याचा, फक्त सही. मी सांगितलं, दुसरा कोरा घे. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

मी तुला लिहिलं तेच सांगितलं, त्याच क्रमानं. ओल्या घासाच्या जागी ती जरा अडखळली, मग लिहीत गेली. मध्ये एकदाच थांबून म्हणाली, “मावशी, हे एकदा लिहिलं की मागं घेता येणार नाही.” मी म्हटलं, लिही बाई, मला घरी स्वयंपाक आहे.

तुझे दाजी माझ्याबरोबर आले होते. मी नको म्हटलं होतं. बाकावर बसून राहिले. माझं संपल्यावर उठले आणि म्हणाले, “खड्डा मी खणला होता. कुठं आहे ते दाखवतो.” आणि दाखवला. दुसऱ्या दिवशी चार माणसं आली, हाडं काढली, एक दात पहिल्या रक्ताशी ताडून बघायला पिशवीत घालून नेला. आमच्या मागच्या अंगणात आता दुसऱ्यांदा खणलेला खड्डा आहे.

मला वाटलं होतं डॉक्टरीण ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, ढोल्या त्या दिवशी कोणत्या बाजूनं आला, आणि पुढं कुठं गेला. माझ्याकडची गाय उतरवून तो आणखी तीन गाई घेऊन खाली गेला होता, ते मी पाहिलं होतं. तिनं नकाशा उघडला. साथीनंतरच्या वर्षात ओढ्याच्या खालच्या अंगाला एकामागून एक आठ गोठे रिकामे केले होते, आणि त्यांना कळत नव्हतं की आजार येतोय कुठून, कारण उगम तर सापडला होता. उगमाला कुलूप लावून ते बसले होते. ती बोटानं एकेक ठिपका मोजत गेली आणि म्हणाली, “आम्ही दोन वर्षं चुकीच्या दारात उभे होतो.” मग उठून कोपऱ्यातल्या नळाला हात धुतले. साबण लावून, बराच वेळ. माझ्याशी बोलून झाल्यावर.

त्या आठ घरांतली पाच माझ्या यादीत आहेत. होती. त्यांच्या नव्या वासरांच्या कानांत बिल्ले मीच मारलेत. त्यांनी मला चहा पाजलाय.

पक्कड, फोन, पिशवी जमा केली. आता आमचाच गोठा लाल आहे, चौकशी पुरी होईपर्यंत. नव्यानं घेतलेल्या दोन गाई आहेत, दूध केंद्र घेत नाही. काढायचं आणि चुना टाकून खड्ड्यात ओतायचं. धार काढली नाही तर गाय ओरडते, तेव्हा काढावं तर लागतंच.

तुझी लाल खूण काढायचा हुकूम निघेल. डॉक्टरीण म्हणाली, महिना लागेल. तुला कागद येईल. आला की ये. माझं तोंड बघायचं नसलं तर वरच्या रस्त्यानं ये, तिकडून आमचं घर लागत नाही.

ताई


२९ मार्च

धाकटे,

ओढ्याच्या अलीकडून पलीकडं पत्र पाठवणारी मी पहिलीच असेन. टपालवाला म्हणाला, मावशी, हाक मारली तरी ऐकू जाईल. मी म्हटलं, तू तुझं काम कर.

तू आलीस त्या दिवशी तू बोललीस आणि मी जेमतेम एक शब्द बोलले. ऐकलं की नाही असं तुला वाटलं असेल. ऐकलं ते लिहिते, म्हणजे तुला कळेल.

तू वरच्या रस्त्यानं आली नाहीस. सरळ आमच्या दारावरून गेलीस, पिशवी खांद्यावर, आणि न बघता म्हणालीस, चल. मी मागं आले. तुझ्या दाराच्या आत मला येता येत नाही, लाल गोठ्यातल्या माणसानं दुसऱ्याच्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही. हा नियम दीड वर्ष मीच घरोघर सांगितला. म्हणून बाहेर उभी राहिले. तू आत जाऊन खुंट्या बघितल्यास. किती बारीक झालीस तू. हात पांढरे पडलेत साबणानं.

मला वाटलं होतं तू विचारशील, का केलंस. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

तू विचारलंस, “मी पायरीवर बसले होते तेव्हा तुला ठाऊक होतं?”

मी म्हटलं, होतं.

मग तू पहिल्या खुंटीशी उभी राहून, माझ्याकडं न बघता सांगितलंस. गोठा रिकामा केला त्या दिवशी डॉक्टर तुला म्हणाला होता, बाई, तुम्ही घरात जा, आम्ही करतो. तू म्हणालीस, नको, अनोळखी हातानं त्या बिथरतात. आणि तू एकेकीचं दावं धरलंस. सगळ्यांचं. तुला वाटत होतं, तशाही त्यांना वेदनाच होणार आहेत, तोंड सोलवटणार, खूर गळणार, त्यापेक्षा हे बरं. सुई टोचताना प्रत्येकीच्या कपाळाला कपाळ लावून तू म्हणत होतीस, झालं झालं, बाई, झालं. तुझा आवाज ऐकून एकही हलली नाही. ती थारोळी, जी कोणाला अंगाला हात लावू द्यायची नाही, तीसुद्धा नाही.

“आजारी आहेत म्हणून धरलं होतं, ताई,” एवढं म्हणालीस. “आजारी नव्हत्या तर माझं त्यांनी का ऐकलं?”

  मग तू आतून दार ओढून घेतलंस. आपटलं नाहीस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

तुझ्या दोन कालवडी आल्या त्या बघितल्या, लांबून. तांबडी जरा पोटात आत आहे, पण भरेल. नवी बिल्लेवाली पोर परवा तुझ्याकडून बाहेर पडताना हसत होती, म्हणजे तू तिच्याशी बोलतेस. बोलत जा. चांगली पोर आहे, घाई करत नाही.

एक सांगायचं आणि थांबायचं. काल सकाळी आमची धाकटी गाय धार काढू देईना. लाथा मारत होती. मी नेहमी ओरडते, तशी ओरडले नाही. तिच्या कुशीला डोकं टेकलं आणि माझ्या तोंडून निघालं, झालं झालं, बाई, झालं.

ती शांत झाली. लगेच. चारही पाय ठेवून उभी राहिली, कान माझ्याकडं वळवून, मी काय सांगते त्याची वाट बघत.

मला उठता येईना, धाकटे. दूध काढून झालं होतं तरी मी तशीच बसून होते, कारण मी उठले असते तर तिनं माझ्याकडं बघितलं असतं.